चालते खरे, पण बिघडले तर?

कुलूप ही माणसाची फार जुनी युक्ती आहे. तिच्याकडून आपली अपेक्षा दुहेरी असते. परक्याला आत शिरू द्यावयाचे नाही, ही पहिली. आणि घरच्या माणसाला आत कोंडून ठेवावयाचे नाही, ही दुसरी. घराला बाहेरून कुलूप आणि आतून कडी असते, त्यामुळे ही दुसरी अपेक्षा विनासायास पुरी होते. मोटारगाडीच्या दाराचे तसे नाही. तेथे आतल्या माणसाला आणि बाहेरच्या माणसाला एकच कुलूप सांभाळते. आणि आता तर ते विजेवर चालते.

अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९५६ साली विजेवर चालणारी दाराची कुलपे आपल्या गाड्यांत बसविली, तेव्हा ती चैनीची गोष्ट होती. आपल्याकडे अँबॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या काळात प्रत्येक दार हाताने वेगवेगळे बंद करावे लागे. आज एक कळ दाबली की चारही दारे एकदम बंद होतात. ज्यांच्या गाडीत ही सोय मुळात नसते, किंवा असूनही जिच्यात दुरून चालणारी कळ, चोर आल्यास वाजणारा भोंगा, गाडी धावू लागताच दारे आपोआप बंद करणारी योजना अशी काही भर घालावयाची असते, ते गाड्यांच्या सजावटीच्या दुकानात जातात. दुकानातील कारागीर दाराचे आतले आवरण काढतो, तळहाताएवढी एक पेटी चार-सहा वायरींना जोडतो आणि कळ दाबून दाखवितो. खट्ट असा आवाज होतो. ‘चालले!’ असे म्हणून मालक पैसे देतो व निघतो.

माझे म्हणणे असे आहे की, ‘चालले’ ही अर्धीच परीक्षा झाली. उरलेली अर्धी परीक्षा एका वेगळ्या प्रश्नाने घ्यावयाची असते: ही पेटी बिघडली तर काय होईल? कोणतेही उपकरण आज ना उद्या बिघडणारच. ते बिघडल्यावर गाडीचे दार पूर्वी होते तसे राहिले, तर जोडणी चांगली. दार अडकले, वायर जळली किंवा गाडीच बंद पडली, तर जोडणी वाईट. मग पहिल्या दिवशी ती कितीही झोकात चालली असली तरी. हा निव्वळ उपदेश नव्हे. यामागे तुम्ही शाळेत शिकता तेच भौतिकशास्त्र आहे, आणि ते कसे हे आता पाहू.

प्रथम दाराच्या आत काय असते ते समजून घेऊ. दाराच्या कुलपाला एक लहानशी मोटर जोडलेली असते. तिच्या आसाला दंतचक्रे असतात व ती एका सळईला पुढे किंवा मागे ढकलतात. मोटरीला दोनच वायरी असतात. एका वायरीला बॅटरीचे धन टोक आणि दुसरीला ऋण टोक जोडले की मोटर एका दिशेने फिरते व कुलूप लागते. टोकांची अदलाबदल केली की ती उलट फिरते व कुलूप उघडते. खेळण्यातील मोटरीचे सेल उलटे बसविले की ती उलटी फिरते, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेलच. हे काम अर्ध्या ते एका सेकंदात संपते. तेवढ्या अवधीत एकेक मोटर काही अँपिअर प्रवाह ओढते. सोयीसाठी प्रत्येकी ४ अँपिअर धरले, तर चार दारांचे मिळून १६ अँपिअर होतात. १२ व्होल्टच्या बॅटरीवर हा आकडा लहान नव्हे.

आता एक महत्त्वाची गोष्ट. कळ कोणीही दाबलेली नसते तेव्हा या दोन वायरी कोठे जोडलेल्या असतात? त्या मोकळ्या लोंबकळत असतील असे वाटणे साहजिक आहे. पण पुष्कळ गाड्यांत तसे नसते. विश्रांतीच्या वेळी दोन्ही वायरी गाडीच्या धातूच्या सांगाड्याला, म्हणजेच बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या असतात. कुलूप लावताना त्यांपैकी एक वायर सांगाड्यापासून सुटते व धन टोकाला लागते. दुसरी जागच्या जागी राहते. उघडताना दुसरी वायर उचलली जाते व पहिली जागेवर राहते. दोन वायरींची ही फुगडी एकदा ध्यानात आली की पुढचे सारे सोपे आहे.

समजा, एखाद्या उत्साही माणसाने हे ध्यानात न घेता विचार केला, ‘कुलूप लावताना या निळ्या वायरीवर १२ व्होल्ट येतात, तेव्हा माझ्या नव्या पेटीतूनही तिच्यावर १२ व्होल्टच सोडू.’ त्याने वायर थोडी खरवडली आणि पेटीची वायर तिला पीळ मारून जोडली. पेटीने १२ व्होल्ट सोडले. पण निळी वायर त्या क्षणी सांगाड्याला जोडलेलीच आहे! प्रवाहाला मोटरीतून जाण्याचे कारणच उरत नाही. तो धन टोकाकडून निघतो आणि निळ्या वायरीतून थेट ऋण टोकाकडे धावतो. यालाच आपण शॉर्ट सर्किट म्हणतो. कुलूप तर लागत नाहीच, आणि प्रवाहाला आवर घालणारेही कोणी राहत नाही.

आवर घालणारा नसला म्हणजे काय होते, याचे गणित करून पाहू. पेटीला वीज पुरविणारी वायर तांब्याची, ०.५ चौरस मिलिमीटर छेदाची व २ मीटर लांबीची आहे असे धरा. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. तेव्हा आपल्या वायरीचा रोध सुमारे ०.०७ ओहम झाला. बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०१ ओहम धरू. एकूण ०.०८ ओहम. ओहमच्या नियमाने प्रवाह झाला १२ भागिले ०.०८, म्हणजे १५० अँपिअर. वायरीत उष्णतारूपाने खर्च होणारी शक्ती म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध: १५० × १५० × ०.०७, म्हणजे सुमारे १५७५ वॉट. घरातील विजेच्या इस्त्रीची शक्ती बहुधा ७५० ते १००० वॉट असते. आपल्या वायरीतील तांबे भरते जेमतेम ९ ग्रॅम. तांब्याची विशिष्ट उष्णता दर ग्रॅमला, दर अंशाला ०.३८५ ज्यूल आहे. म्हणजे ही वायर १ अंशाने तापविण्यास साडेतीन ज्यूल पुरे; आणि येथे दर सेकंदाला १५७५ ज्यूल मिळत आहेत! तापमान सेकंदाला साडेचारशे अंशांच्या वेगाने चढू लागते. तार तापली की तिचा रोध वाढतो, म्हणून प्रत्यक्ष वेग पुढे काहीसा कमी होईल. पण पहिल्या पाव सेकंदातच तारेचे तापमान शंभर अंशांच्या आसपास वाढते, वरचे प्लॅस्टिक मऊ पडते, आणि शेजारून जाणाऱ्या वायरींचे आवरणही वितळू लागते. ही वायर बसण्याच्या जागेखालून, गालिच्यालगत गेलेली असते, हे विसरू नये.

असा प्रसंग केवळ चुकीच्या जोडणीनेच येतो असे नाही. दार दिवसातून अनेकदा उघडते व मिटते. दाराच्या व गाडीच्या मधल्या फटीतून, रबरी नळीशिवाय ओढलेली वायर पत्र्याच्या कडेला घासत राहते. वर्षा-दोन वर्षांनी आवरण फाटते व तांबे पत्र्याला टेकते. पत्रा म्हणजेच सांगाडा, म्हणजेच ऋण टोक. गणित तेच.

यावरचा उपाय तुम्हांला ठाऊक आहे: वितळतार, म्हणजे फ्यूज. परंतु फ्यूज कोठे बसवावा, यालाही विचार लागतो. पेटीजवळ बसविलेला फ्यूज पेटीला वाचवील. बॅटरीपासून पेटीपर्यंतची वायर मात्र उघडीच राहील. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ, तितकी संरक्षण नसलेली वायर आखूड. तसेच फ्यूजचा आकडा वायरीला सोसेल त्याहून कमी हवा. फ्यूज सारखा जातो म्हणून त्याहून मोठा फ्यूज घालणारा माणूस रखवालदार ओरडतो म्हणून त्याचे तोंड बांधणाऱ्यासारखाच म्हटला पाहिजे.

मग त्या निळ्या वायरीशी नवी पेटी योग्य रीतीने जोडावयाची कशी? येथे रिले नावाची वस्तू मदतीस येते. रिले म्हणजे विद्युत्‌चुंबकाने हलणारा स्विच. आपल्याकडे धरणाच्या कालव्यावर पाटकरी असतो. तो दार उचलतो तेव्हा शेताकडे पाणी जाते. पाण्याचा जोर कालव्याचा असतो, पाटकऱ्याच्या हातांत फक्त दार उचलण्यापुरते बळ लागते. रिलेचे तसेच आहे. त्याच्या चुंबकाच्या वेटोळ्याला ०.१५ अँपिअरच्या आसपास प्रवाह पुरतो, आणि त्याने ओढलेला स्विच १५-२० अँपिअर प्रवाह बेलाशक जाऊ देतो. पेटीतील नाजूक ट्रान्झिस्टरला मोटरींचा भार झेपणारा नसतो. रिलेचे वेटोळे तो सहज सांभाळतो.

गाडीतील रिलेला पाच टोके असतात व त्यांवर बहुधा ३०, ८५, ८६, ८७ आणि ८७अ असे आकडे छापलेले असतात. ही जर्मन मानकाची पद्धत आहे. ८५ आणि ८६ ही वेटोळ्याची टोके. ३० हे सामाईक टोक. वेटोळ्यातून प्रवाह नसताना ३० हे ८७अ ला चिकटलेले असते. प्रवाह सुरू झाला की ते ८७अ ला सोडून ८७ ला चिकटते. आता निळी वायर मध्ये तोडावयाची. मोटरीकडचा तुकडा ३० ला, गाडीकडून येणारा तुकडा ८७अ ला, आणि फ्यूजमधून आलेले धन टोक ८७ ला जोडावयाचे. पेटीने रिलेला जागे केले की निळी वायर आधी सांगाड्यापासून सुटते व मगच धन टोकाला लागते. शॉर्ट सर्किट होण्यास जागाच उरली नाही. उघडण्याच्या वायरीसाठी असाच दुसरा रिले लावावयाचा.

या जोडणीत मला सर्वांत आवडते ती गोष्ट वेगळीच आहे. समजा, पेटी जळाली, तिचा फ्यूज उडाला, किंवा कोणी ती काढून फेकून दिली. रिलेच्या वेटोळ्यात प्रवाह नाही. मग ३० हे ८७अ ला चिकटूनच राहणार, आणि निळी वायर जणू कधी तोडलीच नव्हती अशा रीतीने गाडीची जुनी कुलपे पूर्ववत चालत राहणार. नवे उपकरण मेले तरी जुनी वाट मोकळी राहते. ‘बिघडले तर?’ या प्रश्नाचे उत्तर जोडणीतच लिहून ठेवले आहे. पाहुणा घरात यावा, पण तो आजारी पडला म्हणून घरच्यांची चूल बंद पडू नये, तसे हे आहे.

येथे आणखी एक बारकावा सांगावयास हवा. वेटोळ्यातील प्रवाह एकाएकी तोडला की फॅरडे व हेन्री यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिलेल्या प्रवर्तनामुळे त्याच्या टोकांशी क्षणभर फार मोठा विद्युत्‌दाब निर्माण होतो. १२ व्होल्टच्या रिलेतही तो शंभर व्होल्टच्या वर जाऊ शकतो आणि पेटीतील ट्रान्झिस्टरचा जीव घेतो. म्हणून वेटोळ्याला समांतर एक डायोड लावतात. नेहमीच्या प्रवाहाला तो उलटा असतो, म्हणून स्वस्थ बसतो. हा उलटा धक्का आला की त्याला वाट करून देतो. डायोड न लावताही जोडणी चालते. कदाचित महिनाभर चालते, कदाचित वर्षभर. ‘चालले’ या शब्दावर मी विश्वास का ठेवीत नाही, ते आता तुमच्या लक्षात येईल.

काही बिघाड जळून होत नाहीत, झिजून होतात. गाडी उभी असतानाही पेटी दुरून येणाऱ्या संदेशाची वाट पाहत जागीच असते व थोडा प्रवाह घेत राहते. चांगल्या पेटीला १०-२० मिलिअँपिअर पुरतात. एखादी पेटी १०० मिलिअँपिअर घेत असेल, तर दिवसाला २.४ अँपिअर-तास खर्च झाले. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी १५ दिवसांच्या आतच पार रिकामी होईल आणि गाडी सुरू होण्यास नकार त्याच्या बराच आधी देईल. सुट्टीत गावी गेलेले कुटुंब परत येते, गाडी ढिम्म हलत नाही, आणि दोष बिचाऱ्या बॅटरीला दिला जातो. पेटी विकत घेण्यापूर्वी तिचा विश्रांतीतील प्रवाह किती, हे विचारणारा ग्राहक किती वेळा दिसतो?

आतापर्यंत आपण एका जातीच्या गाडीविषयी बोललो. सगळ्या गाड्या अशा नसतात. काहींत दाराची कळ मोटरीचा प्रवाह मुळी हाताळतच नाही. ती एक बारीक वायर क्षणभर सांगाड्याला टेकविते व एका नियंत्रक पेटीला इशारा देते. मोटरी चालविण्याचे काम ती पेटी करते. काहींत इशारा धन टोकाचा असतो. काहींत एकाच वायरीवर वेगवेगळे रोध जोडून ‘लाव’ आणि ‘उघड’ असे दोन इशारे दिलेले असतात. वायरीच्या रंगावरून यातले काही कळत नाही. रंग कंपनीगणिक आणि कित्येकदा वर्षागणिक बदलतात. म्हणून मोजल्याखेरीज जोडू नये.

मोजण्यासाठीही योग्य साधन हवे. पुष्कळ ठिकाणी एका सुईला बारीक बल्ब जोडून केलेला ‘टेस्ट लॅम्प’ वापरतात. ३ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर पाव अँपिअर प्रवाह घेतो. जाड वायरीला त्याचे काही वाटत नाही. पण नियंत्रक पेटीतून निघालेल्या इशाऱ्याच्या बारीक वायरीला तो लावला तर पेटीच निकामी होऊ शकते. अंकदर्शक मल्टिमीटरचा रोध १ कोटी ओहमच्या घरात असतो. तो त्याच वायरीवर जेमतेम एक मायक्रोअँपिअर प्रवाह घेतो. मोजणाऱ्याने मोजल्या जाणाऱ्या वस्तूला धक्का लावू नये, हा प्रयोगशाळेतील नियम येथे अक्षरशः लागू पडतो. आणि पिवळ्या आवरणातून जाणाऱ्या वायरी दिसल्या तर मोजण्यासाठीही त्यांना हात लावू नये. त्या बहुधा हवेच्या उशीच्या, म्हणजे एअरबॅगच्या असतात. थोडासा अनाहूत प्रवाह गेला तरी ती उशी स्फोटासारखी फुगू शकते.

अलीकडच्या गाड्यांत तर वायरींतून नुसता प्रवाह जात नाही, निरोप जातात. बॉश या जर्मन कंपनीने १९८६ साली अमेरिकेत डेट्रॉईट येथील अभियंत्यांच्या परिषदेत ‘कॅन’ नावाची पद्धत मांडली. तीत एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरींवरून गाडीतील सर्व नियंत्रक पेट्या आपसात बोलतात. कोणी बोलत नसताना दोन्ही वायरी सुमारे २.५ व्होल्टवर असतात. बोलताना एक ३.५ पर्यंत वर जाते व दुसरी १.५ पर्यंत खाली येते. अशा वायरीवर कोणी १२ व्होल्ट सोडले, तर दाराचे कुलूप राहू द्या, गाडीतील इतर यंत्रणाही मुक्या होऊ शकतात. शिवाय या वायरींवर जोडलेली पेटी दुसऱ्यांचेही निरोप पाठवू शकते. २०१५ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी बाजारातील अशीच एक पेटी गाडीत खोचली आणि मोबाइलच्या लघुसंदेशांद्वारे त्या गाडीचे काचपुसणे व ब्रेकदेखील चालवून दाखविले. पेटी बसविणाऱ्याला फक्त गाडीची माहिती दूर बसून हवी होती. दार मात्र त्याने नकळत सगळ्यांनाच उघडून दिले होते.

आता प्रारंभी सांगितलेल्या दुसऱ्या अपेक्षेकडे वळू. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत अतोनात पाऊस झाला. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या दिवशी साचलेल्या पाण्यात बंद गाड्यांत अडकून काही जणांचे प्राण गेले. तेव्हापासून विजेच्या कुलपांविषयी लोकांच्या मनात धास्ती आहे, आणि ती अगदीच अनाठायी नाही. पण सगळा दोष कुलपाला देणेही बरोबर नव्हे. दार १ मीटर रुंद आहे, बाहेर पाणी दाराच्या खालच्या कडेपासून ६० सेंटिमीटर चढले आहे आणि आत पाणी नाही असे समजा. पाण्याच्या दाबाचे गणित केले तर दारावरील एकूण बल सुमारे १७६० न्यूटन येते, म्हणजे जवळजवळ १८० किलोग्रॅम वजनाइतके. बिजागरीपासून सर्वांत दूरच्या कडेवर जोर लावला तरी ९० किलोग्रॅम वजनाइतका जोर हवा. कुलूप उघडे असूनही असे दार उघडणे सोपे नाही. म्हणूनच पाणी चढू लागताच, दार उघडते तोवर बाहेर पडावे, निदान काच तरी खाली करावी, असे सांगतात. त्या घाईच्या चार-दोन मिनिटांत कुलपाने अडवणूक केली, तर मात्र उरलेली संधीही जाते. कुलपाचा दोष एवढाच, पण तो प्राणाशी गाठ घालणारा आहे.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारगाड्यांसाठी जे सुरक्षानियम लागू झाले, त्यांत मध्यवर्ती कुलूप हाताने उघडता येण्याची सोय सक्तीची करण्यात आली. नियम स्तुत्य आहे. पण तो कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीची काळजी घेतो. नंतर दुकानात बसविलेल्या मोटरीची सळई वाकडी लागली आणि हाताची खुंटी तिच्यात अडकू लागली, तर तो नियम कागदावरच राहिला. तसेच अनेक गाड्यांत अपघाताचा आघात होताच दारे आपोआप उघडण्याची योजना असते. ‘गाडी धावताना दारे बंद करा’ एवढेच शिकविलेली परकी पेटी त्या क्षणी दारे पुन्हा बंद करू लागली, तर तिला कोणी थांबवावयाचे?

यावर दुकानदार म्हणतील, ‘आम्ही शेकडो गाड्यांना पेट्या बसविल्या, काही झाले नाही.’ त्यांच्या अनुभवाला मी कमी लेखत नाही. दाराच्या पोटात हात घालून, न पाहता नेमकी सळई शोधून काढणाऱ्या कारागिराच्या बोटांत जे ज्ञान असते, ते आमच्या पुस्तकांत सापडत नाही. शिवाय महागडी गाडी घेणे ज्याला परवडत नाही, त्याने साध्या गाडीत हवी ती सोय करून घेऊच नये, असे म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिला? माझा विरोध पेटीला नाही. परीक्षा अर्ध्यावर सोडण्याला आहे. ‘काही झाले नाही’ हे वाक्य ‘चालले’ या वाक्याचेच थोरले भावंड आहे. आणि दोष कारागिराचा एकट्याचा नसतो. फ्यूजच्या व रिलेच्या पैशांवरून जो मालक घासाघीस करतो, तोही त्या जळालेल्या वायरीचा वाटेकरी असतो.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, पेटी बसविणाऱ्याने गाडीमालकास एक कागद द्यावा: कोणती वायर कोठे तोडली, कोठे जोडली, फ्यूज किती अँपिअरचा व कोठे आहे. पुढे दुसऱ्या कारागिराला तोच नकाशा होईल. दुसरी, जोड नुसता पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळलेला नसावा. तो डाख देऊन किंवा दाबून बसविलेला व झाकलेला असावा. तिसरी सूचना सर्वांत सोपी आणि सर्वांत महत्त्वाची. पेटी बसवून झाली, खट्ट असा आवाज झाला, की लगेच पैसे देऊ नयेत. कोणी तरी किल्ली घेऊन बाहेर उभे राहावे. दुसऱ्याने आत बसून दारे बंद करावीत, पेटीचा फ्यूज काढावयास सांगावे, आणि मग प्रत्येक दार आतून हाताने उघडून पाहावे. मागच्या दारांना लहान मुलांसाठी वेगळे कुलूप असते, ते तेवढ्यापुरते मोकळे ठेवावे. चारही दारे उघडली तर पेटी उत्तीर्ण. एक जरी अडले, तर काम पुन्हा करावे. या परीक्षेला पाच मिनिटे लागतात, आणि तिच्यासाठी पदवी लागत नाही.

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवितो. व्हीट्स्टनचा सेतू बिनचूक जुळविणारे विद्यार्थी दरवर्षी माझ्या हाताखालून जातात. पण गाडीतील फ्यूजची पेटी कोठे असते, असे विचारले तर त्यांतले बहुतेक एकमेकांकडे पाहतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपण त्यांना मंडल कसे चालते हे शिकवितो. मंडल बिघडते कसे, हे शिकवीतच नाही. प्रयोगवहीत प्रत्येक आकृतीखाली एक ओळ वाढवावी असे मला वाटते: ‘यातील अमुक जोड सुटला तर काय होईल, आणि अमुक दोन वायरी एकमेकींना टेकल्या तर काय होईल?’ या एका ओळीला नवे उपकरण लागत नाही की अनुदान लागत नाही.

तुम्ही मात्र अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहू नका. घरच्या गाडीला हात न लावता हे सारे टेबलावर करून पाहता येते. खेळण्यातील एक मोटर, दीड व्होल्टचे दोन सेल, विजेरीचा ३ व्होल्टचा एक बल्ब आणि जिन्यात वापरतात तसे तीन टू-वे स्विच आणा. पहिल्या दोन स्विचांची मधली टोके मोटरीच्या दोन वायरींना जोडा. दोन्ही स्विचांचे एक बाजूचे टोक सेलच्या ऋण टोकाला आणि दुसऱ्या बाजूचे धन टोकाला जोडा. दोन्ही स्विच ऋण बाजूला असताना मोटर स्थिर राहील. एक स्विच हलविला की ती एका दिशेने फिरेल. तो परत आणून दुसरा हलविला की उलट फिरेल. दोन्ही एकदम हलविले तर काय होईल, ते आधी कागदावर लिहा व मग पाहा. हेच तुमच्या गाडीचे दार.

आता दोन्ही स्विच ऋण बाजूला आणा, आणि धन टोकाकडून बल्बमधून घेतलेली एक वायर मोटरीच्या कोणत्याही एका वायरीला क्षणभर टेकवा. बल्ब झगझगीत पेटेल आणि मोटर जागची हलणार नाही. तो बल्ब म्हणजे आपण गणित केलेली जळणारी वायर. तेथे बल्ब नसता तर काय झाले असते, ते तुम्हांला आता सांगावयास नको. उरलेला तिसरा स्विच कोठे बसविला असता मोटर फिरेल, बल्ब मोटरीपुरताच प्रवाह जाऊ देईल, आणि तिसरा स्विच सोडून दिल्यावर पहिले दोन पूर्वीसारखेच काम करतील, ते स्वतः शोधून काढा. बल्बमुळे मोटरीचा जोर कमी पडला तर जोडणी तपासून झाल्यावर तो काढून टाका.

कोडे सुटले की आपल्या वर्गात ते सर्वांना करून दाखवा. आणि पुढे कधी घरच्या गाडीत अशी पेटी बसविण्याचे ठरले, तर वडिलांबरोबर दुकानात जा आणि कारागीरदादांना आदराने विचारा, ‘दादा, चालते ते पाहिले. आता हिचा फ्यूज काढून दारे उघडून पाहू या का?’